मीठ बघ गं, संजना

गोरक्षनाना गेले त्या दुपारी त्यांच्या सुनेने एक खोटं ठोकून दिलं, आणि तेही थेट नानांच्या उशाशी बसून.

झालं असं, की समोरच्या घरातल्या बायडाबाई पदराने डोळे पुसत पुढे सरकल्या आणि म्हणाल्या, "पोरी, जाताना काय बोलले का गं नाना? शेवटचं काय बोलले?" घर माणसांनी गच्च भरलेलं. इतका वेळ चाललेले हुंदके एकदम थांबले आणि अख्ख्या गल्लीचे कान संजनाकडे वळले.

"राम म्हणाले. राम राम म्हणाले आणि डोळे मिटले."

"पुण्यवान जीव!" कोणीतरी म्हणालं. बायडाबाईंनी तर हातच जोडले. तिरडी बांधून व्हायच्या आत ही बातमी चार गल्ल्या ओलांडून अंबडच्या नाक्यावर चहाच्या टपरीपर्यंत पोचली होती.

खरं काय ते एकट्या संजनाला माहीत. नाना रोजच्यासारखे सगळ्यांच्या आधी जेवायला बसले. बाजरीची भाकरी उडदाच्या डाळीच्या घुट्यात कुस्करली, पहिला घास तोंडात घातला, आणि रोजच्यासारखंच म्हणाले, "मीठ बघ गं, संजना." तिने पातेल्यात चिमूटभर मीठ टाकून ढवळलं आणि पुन्हा वाढलं. ते पोटभर जेवले, हात धुतले, दारातल्या खुर्चीत जाऊन टेकले, ते टेकलेच. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा भला माणूस, आणि जगातला त्याचा शेवटचा शब्द काय, तर मीठ. आता हे चारचौघांत सांगायचं कसं? बावीस वर्षं ज्याला रांधून वाढलं त्याने जाता जाता सुद्धा 'बरं झालंय' म्हटलं नाही, हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

नाना होतेच तसे, म्हणजे बाहेर तसे आणि घरात असे. मूळचे सायखेड्याचे. अंबडला कंपन्या आल्या तेव्हा एका कंपनीच्या बसवर ड्रायव्हर म्हणून लागले आणि रिटायर होईस्तोवर सायखेडा, चांदोरी, आडगाव करत पहिल्या पाळीची माणसं कंपनीच्या दारात उतरवत राहिले. कुठल्या थांब्यावर कोण उशिरा येतो, कोणाची सासू आजारी आहे, कोणाच्या शेताला रात्रपाळीची लाईट आहे, सगळं तोंडपाठ. उशीर झालेल्या माणसासाठी बस उभी करायची आणि हॉर्न देत बसायचं, ही त्यांची खोडच. एकदा साहेबाने झापलं, "नाना, पुन्हा उशीर? काय कारण?" नाना म्हणाले, "साहेब, शेवटच्या थांब्यावरच्या पोराची गाय व्यायली. आता गाय काय शिफ्ट बघून व्यायती का?" साहेब हसला, आणि ते हसू नानांनी आयुष्यभर पुरवून खाल्लं.

रिटायर झाल्यावर बस गेली, पण थांबे काही सुटले नाहीत. रोज सकाळी एक फेरी, संध्याकाळी एक फेरी. एका घरापुढे पाच मिनिटं, दुसऱ्या घरापुढे दहा. खिशात लिमलेटच्या गोळ्या. प्रत्येक पोराला बाजूला घेऊन म्हणायचे, "ही फक्त तुझ्यासाठी ठेवली होती, कोणाला सांगू नको." गल्लीतली सगळी पोरं हे गुपित छातीशी धरून मोठी झाली, आणि प्रत्येकाला वाटायचं, नानांचा लाडका काय तो मीच. आता पोरांचं ठीक होतं. पण हे गोळ्यांचं तंत्र नानांनी मोठ्यांवरही चालवलं होतं, हे संजनाला कळलं ते सुतकात.

मयताच्या घरात चूल पेटत नाही. शेजारपाजारचे डबे आणतात. पहिला डबा बायडाबाईंचा. पिठलं, भाकरी आणि एका पुडीत ठेचा.

"खा पोरी," त्या म्हणाल्या. "नानांना माझ्या हातचा ठेचा लय आवडायचा. म्हणायचे, बायडे, अख्ख्या नाशिक जिल्ह्यात असा ठेचा नाय."

संजनाने हातातला घास परत ताटात ठेवला. ठेचा तिखट होता म्हणून ठेवला असंही म्हणता येईल, पण तसं नव्हतं. ठेचा तर ती स्वतः आठवड्याला दोनदा कुटायची. त्यावर नानांचं म्हणणं काय असायचं? मीठ बघ.

दुसरा डबा शेजारच्या नसीमचा. तिचा नवरा निसार वेल्डिंगचं काम करतो, आणि नानांच्या खाटेला, खुर्चीला, गेटला जे काही लोखंड होतं ते सगळं त्यानेच जोडलेलं. नसीमने खिचडी ठेवली आणि मांडी घालून रडायलाच बसली. "भाभी, नाना म्हणजे माझे वालिदच होते. ईदला शीरखुर्मा आधी त्यांना द्यायची, मग घरात. म्हणायचे, नसीम बेटी, तुझ्या हातात जादू आहे. असा शीरखुर्मा मी उभ्या जन्मात खाल्ला नाही."

"शेवयांची खीर मी पण करायची," संजना म्हणाली.

"हो ना? आवडायची त्यांना?"

खिरीतही त्यांना काहीतरी कमी लागायचंच, आणि खिरीत मीठ नसतं म्हणून ते 'वेलची बघ' म्हणायचे.

तिसऱ्या दिवशी नणंद आली. उज्वला दिंडोरीला दिलेली. नवऱ्याची द्राक्षबाग, हंगाम तोंडावर, तरी सगळं टाकून ती दहाव्यापर्यंत राहायला आली होती. आल्या आल्या तिने नानांच्या फोटोपुढे बसून हंबरडा फोडला, आणि हंबरड्यातही वाक्यं नीट लागत होती. "नाना! आता माझ्या हातचे मांडे कोण खाणार हो नाना! खापरावर माझा हात फिरला की म्हणायचे, उज्वले, तुझ्या आईची सय आली!"

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. संजनानेही लावला, पण तो दात चावलेले दिसू नयेत म्हणून. पुरणाचे मांडे करायला ती नवसाबाईंकडून शिकली होती, म्हणजे सासूकडून, त्या होत्या तेव्हा. आणि उज्वला? लग्नाआधी तिला साधी पोळी गोल लाटता येत नव्हती. नकाशे लाटायची. कानामागून आली आणि तिखट झाली, म्हणतात ते हेच.

पुढे पुढे तर असं झालं, की दारात कोणी आलं की संजनाला मागच्या मागे पळून जावंसं वाटायचं. दूधवाला आला आणि म्हणाला, माझ्याकडचा चीक नानांना फार आवडायचा. नाक्यावरचा चहावाला आला आणि म्हणाला, "नाना म्हणायचे, चहा प्यावा तर तुझा." तिच्या घरात दिवसाला चार वेळा चहा होत होता, आणि नाना कप ठेवताना म्हणायचे, "साखर जरा..." एवढंच. वाक्यही पुरं करायचे नाहीत. दुःखाच्या घरात माणूस रडतो. संजना रडतही होती, पण मधेच रडायचं थांबून तिचं डोकं हिशेब मांडायचं, की बाहेर चव आणि घरी कमी, असं का?

कहर केला तो पोटच्या पोरीने. हर्षाली वीस वर्षांची, कॉलेजात जाते. फोनवर तिने नानांचा फोटो लावून खाली लिहिलं, 'माझे नाना, मी त्यांची सगळ्यात लाडकी.' तोवर ठीक होतं. पण दुपारी ती मावसबहिणीला फोनवर सांगत होती, "अगं, मी केलेली मॅगी त्यांना इतकी आवडायची ना! म्हणायचे, हर्षे, फाइव्ह स्टार हॉटेलात अशी मिळणार नाही."

मॅगी! खाली लागलेली, पातेलं घासायला आईकडे यायचं ती मॅगी! संजना हातातलं फडकं टाकून थेट गच्चीवर गेली आणि टाकीच्या आडोशाला एकटीच बसली.

नवरा सोमनाथ वर आला. भला माणूस, अंबडला सुपरवायझर आहे, मशिनचा आवाज ऐकून काय बिघडलं ते सांगतो. बायकोचा आवाज मात्र त्याला अजून ओळखू येत नाही.

"काय झालं?"

"काही नाही."

"नानांची आठवण आली?"

"हो," ती फणकाऱ्याने म्हणाली. "नानांचीच आठवण आली."

सोमनाथ शेजारी बसला. "मला पण येते. तू एकदा माहेरी गेली होतीस, तेव्हा मी पोहे केले होते. नाना काय म्हणाले माहीत आहे? सोम्या, असे पोहे..."

"अहो, खाली जा," संजना म्हणाली. "जा म्हणते ना!"

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. संजनाचं माहेर निफाडकडचं. तिच्या आईची शिस्त अशी, की देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत स्वयंपाक चाखायचा नाही. चाखला की तो उष्टा झाला. हात अंदाजाने चालवायचा, आणि चुकला तर देव सांभाळून घेतो. ही शिस्त संजना सासरी घेऊन आली आणि बावीस वर्षांत तिने चमचा कधी तोंडाला लावला नाही. अंदाज तिचा चांगला होता. पण अंदाज तो अंदाजच, आणि तिचा हात मिठाच्या बाबतीत जरा राखून चालायचा. हे तिला स्वतःला कळायचं कसं? ती सगळ्यांच्या शेवटी जेवायची, आणि तोवर सगळं बरोबर असायचं.

नवव्या दिवशी दुपारी दहाव्याची तयारी निघाली. दहावा सायखेड्याला, गोदावरीच्या घाटावर. पिंडाशेजारी माणसाच्या आवडीचं ठेवायचं, म्हणजे कावळा लवकर शिवतो आणि त्याची इच्छा पुरी झाली असं कळतं. झालं, नानांच्या आवडीचं काय, यावरून घरात रणच पेटलं.

"मी मांडे करणार," उज्वला म्हणाली. "खापर मी दिंडोरीहून आणलंय येतानाच."

"म्या ठेचा देते," बायडाबाई दारातून म्हणाल्या. "ठेच्याशिवाय नाना उठायचे नाय."

नसीम जरा संकोचली. "भाभी, मी शीरखुर्मा दिला तर चालेल का? तुमच्यात..."

कोणीतरी चुलतसासरा घसा खाकरायला लागला, तर बायडाबाईंनी त्याला जागीच गप्प केलं. "जन्मभर खाल्लं नानांनी. आता कावळ्याला कसली अडचण?"

"मी मॅगी नेणार," हर्षाली म्हणाली.

सोमनाथने बायकोकडे पाहिलं. "तू काय करणार?"

"मी? माझ्या हातचं त्यांना काय आवडायचं?" संजना म्हणाली. नवऱ्याने 'असं कसं म्हणतेस' म्हणावं, एवढीच तिची माफक अपेक्षा होती.

सोमनाथने विचार केला. प्रामाणिकपणे केला. आणि म्हणाला, "हां, ते पण आहे."

त्या वाक्याने काय झालं ते दहाव्याच्या पहाटे दिसलं. सगळ्यांच्या आधी उठून संजनाने पिंडापुरती चूल पेटवली, उडदाची डाळ शिजवली, रवीने घोटली आणि बाजरीची एक भाकरी थापली. फोडणी नाही, सुतकच होतं. मीठ टाकताना तिने चिमूट घेतली, आणि मग त्यातलं अर्धं मीठ परत बरणीत टाकलं. "आता म्हणा," ती नानांच्या फोटोकडे न बघता पुटपुटली. "म्हणा ना आता. आहे कमी. मुद्दाम आहे."

घाटावर माणूस मावेना. कंपनीतले जुने, बसमध्ये बसलेले, बस चुकलेले, सगळे आले होते. सोमनाथ केस उतरवून, उपरणं घेऊन बसला होता, आणि एकदम लहान दिसत होता. प्रवचन झालं. मग परिसरातले एक होतकरू पुढारी माईकपुढे आले. नानांना ते दोनदा भेटले असतील, पण बोलले ऐटीत पाऊण तास. "नानांच्या जाण्याने कधीही भरून न येणारी पोकळी निर्माण झाली आहे. ओठांवर प्रभू रामचंद्राचं नाव घेऊन ज्यांनी देह ठेवला..." खाली बायकांत बसलेल्या संजनाला आता जमिनीत जाते की काय असं झालं. बायडाबाई तिच्या गुडघ्यावर थोपटत राहिल्या, त्यांना वाटलं सुनेला उमाळा आला.

मग पिंड ठेवले. शेजारी ताटं मांडली. उज्वलाचे मांडे, केळीच्या पानावर, वर तूप. बायडाबाईंचा ठेचा. नसीमचा शीरखुर्मा स्टीलच्या वाटीत. हर्षालीची मॅगी डब्याच्या झाकणात. आणि अगदी कडेला, कोणाच्या लक्षातही येऊ नये अशी, संजनाची भाकरी आणि घुट्याचा वाडगा. माणसं मागे सरकली. कडुनिंबावर कावळे बसलेच होते. बसले होते आणि बसूनच राहिले.

"सोमनाथ, बोल काहीतरी," भाऊबंदांतला एक म्हातारा म्हणाला. "जीव कशात अडकलाय बघ."

सोमनाथ हात जोडून पुढे झाला. "नाना, उज्वलाचं माहेर तुटणार नाही. दिवाळी, अक्षय तृतीया, सगळं तुमच्यासारखंच करीन." कावळ्यांनी माना वाकड्या केल्या.

"नाना, हर्षालीचं शिक्षण पुरं करीन. तिच्या मर्जीशिवाय लग्न ठरवणार नाही." हर्षालीने बापाकडे चमकून पाहिलं, पण कावळ्यांना त्याचं काहीच नव्हतं.

ऊन चढलं. माणसं टोप्या सावरायला लागली. बायकांच्या घोळक्यात कुजबुज सुरू झाली, आणि कुजबुजीला धार चढायला बायकांच्या घोळक्यात वेळ लागत नाही.

"ठेचा पुढं घ्या," बायडाबाई म्हणाल्या. "मांड्याच्या आड गेलाय."

"मांड्यांवरचं तूप थिजलं असेल," उज्वला म्हणाली, "नाहीतर नाना केव्हाच आले असते. दुसऱ्या कशाला शिवायचे नाहीत ते. त्यांना माझ्याच..."

"तुमच्याच काय, ताई?" संजना एकदम म्हणाली.

नऊ दिवस गिळलेलं सगळं तोंडाशी आलं होतं. तिने उज्वलाकडे पाठ फिरवली आणि थेट बायडाबाईंना धरलं. कोणाला तरी खोटं पाडल्याशिवाय तिला आता चैन पडणार नव्हतं.

"बायडाबाई, खरं सांगा. नाना तुमच्याकडे ठेचा खायचे ना? किती खायचे?"

"किती म्हंजी?" बायडाबाई गांगरल्या. "खायचे की."

"भाकरी अख्खी खायचे?"

"अख्खी कशाची! घासभर. मी दुसरा तुकडा पुढं केला की हात आडवा घालायचे. म्हणायचे, बस गं बायडे, घरी जेवायचंय. संजना ताट करून बसली असंल."

तिला हे उत्तर नको होतं. तिने मोर्चा वळवला. "आणि नसीम, तुझा शीरखुर्मा? वाटीभर घ्यायचे?"

"नाही भाभी, एकच चमचा. वाटी मागे सारायचे. चव घेतली बेटी, म्हणायचे, पोट घरी भरायचं आहे." नसीमने पुस्ती जोडली, "मला राग यायचा थोडा. एवढी मेहनत करायची आणि नाना एक चमचा घेणार."

"माझ्या मॅगीचा पण एकच घास," हर्षाली हळूच म्हणाली. "बाकीची मीच संपवायची."

आता उरली उज्वला. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. तिने नाक ओढलं, पदर सारखा केला, आणि मग तिचा बांध असा फुटला, की फोटोपुढचा हंबरडा त्याच्यापुढे काहीच नव्हता.

"काय बघता माझ्याकडे? अर्धा! अर्धा मांडा खायचे! तो पण घड्याळाकडे बघत! पहाटेपासून चुलीपुढे बसून मी पुरण वाटायचं, आणि बाप माझा अर्धा मांडा खाऊन चपला घालायचा. थांबा ना नाना, एक रात्र राहा, म्हटलं की म्हणायचे, नको गं, संजनाने केलं असेल. संजना उपाशी बसेल. संजना, संजना! पोटची पोर मी, आणि एक मुक्काम नाही केला त्यांनी माझ्याकडे लग्नानंतर. मला काय वाटत असेल, वहिनी? तुमच्या त्या भाकरीला काय सोनं लावलेलं असतं?"

घाटावर पुरुष मंडळी एकदम नदीकडे बघायला लागली.

संजना नणंदेकडे बघतच राहिली. इतकी वर्षं आपण हिच्यावर जळतोय, आणि ही बया दिंडोरीत बसून आपल्यावर जळत होती! तिला रडू येत होतं आणि, खरं सांगायचं तर, आत कुठेतरी गारगारही वाटत होतं. पण एक काटा राहिलाच होता.

"मग मला का नाही म्हणाले कधी?" ती बायडाबाईंना म्हणाली. "एकदा तरी. बरं झालंय, एवढं म्हणायला काय जात होतं?"

"मी इचारलं होतं त्यांना," बायडाबाई म्हणाल्या. "म्हटलं, नाना, आम्हाला एवढं चढवता, तर घरी सुनेला बी म्हणत जा. तर मला म्हणले, बायडे, लोकाच्या घरी चव सांगायची, आपल्या घरी मीठ मागायचं. सून काय पाहुणी हाय का माझी?"

कडुनिंबावर एक कावळा उगाच कावला. संजना उठली. पिंडांपासून चार हातांवर जाऊन उभी राहिली आणि तिने पदर खोचला, जशी ती ओट्यापुढे उभी राहताना खोचायची.

"नाना," ती मोठ्याने म्हणाली, इतक्या मोठ्याने की पुढाऱ्यालाही ऐकू गेलं. "राम म्हणाला नव्हतात तुम्ही. मी खोटं सांगितलं लोकांना. 'मीठ बघ गं, संजना' म्हणालात. आणि आज मीठ कमी आहे. मुद्दाम कमी टाकलंय मी, राग आला होता म्हणून. खाऊन बघा आणि काय ते सांगा."

मग बायडाबाईंच्या तोंडून हसण्याचा एक फुसकारा निघाला, त्यांनी तो पदरात दाबला, तर नसीमला लागण झाली. मागच्या रांगेतला बसमधला कोणीतरी म्हातारा म्हणाला, "नानांचाच शब्द हा. शंभर टक्के."

आणि तेवढ्यात एक कावळा उतरला.

त्याने आधी मांड्यावर चोच मारली, तूप चोचीला लागलं तशी मान झटकली. मग ठेच्यात चोच घातली आणि दगडावर दोन्ही बाजूंनी खसाखसा पुसली. बायडाबाई म्हणाल्या, "तिखट हाय रे बाबा, दमानं." शीरखुर्म्यात एकदा चोच बुडवली. मॅगीची एक दोरी ओढली आणि तिथेच टाकली. मग टुणटुण उड्या मारत पिंडाला शिवला. मागे माणसांनी सुटकेचा श्वास सोडला, हात जोडले. पण कावळ्याचं संपलं नव्हतं. तो कडेच्या भाकरीपाशी गेला, घुट्याच्या वाडग्यात चोच घातली, थांबला, डोकं तिरकं करून संजनाकडे बघितल्यासारखं केलं, आणि भाकरीचा सगळ्यात मोठा तुकडा उचलून निंबावर जाऊन निवांत खात बसला.

"तूप थिजलं होतं," उज्वला म्हणाली. "मी म्हटलंच होतं."

तेराव्याला सुतक सरलं. घरात फोडणीचा वास आला, दहाव्यानंतर घरी गेलेली उज्वला पुन्हा दिंडोरीहून आली. गोडाचं जेवण पाहुण्यांना घालून झालं आणि रात्री घरचीच माणसं उरली तेव्हा संजनाने साधी डाळ आणि वांग्याची भाजी केली. देवाला नैवेद्य दाखवला. ताटं मांडली. सोमनाथ भुकेला होता, तो सरळ बसला आणि त्याने पहिला घास घेतला.

त्याचा चेहरा विचित्र झाला. मशिनमध्ये नवीन आवाज आला की होतो तसा.

"काय झालं?" संजनाने विचारलं.

"काही नाही. मीठ जरा... कमी आहे का?" बावीस वर्षांत त्याने हे वाक्य पहिल्यांदा उच्चारलं होतं, त्यामुळे जपूनच उच्चारलं. "तुझ्या हाताला कधी मीठ कमी नसतं गं. मला तर आठवत नाही."

संजना डाव हातात धरून उभी राहिली. याला आठवणार कसं? याच्या ताटात यायच्या आधी रोज कोणीतरी पहिला घास घेऊन मीठ मागून ठेवलेलं असायचं. दारोदारची फेरी कितीही लांबली तरी सगळ्यांच्या आधी येऊन बसायचं, उशीर झालेल्यासाठी बस थांबवावी तसं सगळं घर पहिल्या घासापाशी थांबवायचं, मीठ सारखं करून घ्यायचं, आणि मग पोरांना हाक मारायची, या रे. सोमनाथला कधी कमी लागलं नाही, हर्षालीला लागलं नाही, आणि सगळ्यांच्या शेवटी जेवणाऱ्या संजनाला तर स्वतःचा हात आखडता आहे हे सुद्धा कधी कळलं नाही. कमी आहे म्हणण्याचा वाईटपणा तेवढा त्या म्हाताऱ्याने एकट्याने आपल्या अंगावर घेतला होता.

तिने पदराने तोंड पुसलं. नानांची जागा खिडकीखाली, भिंतीला टेकून. तिथे पाट तसाच होता.

उज्वलाचं लक्ष तिकडे गेलं. तिने ताट उचललं आणि उठता उठता म्हणाली, "आणा वहिनी, मी बसते तिथे. नानांचीच पोर आहे मी. मीठ सांगायला मला चांगलं कळतं."

"थांबा," संजना म्हणाली.

तिने उज्वलाच्या हातातलं ताट घेतलं आणि जिथे होतं तिथेच, पाहुण्यांच्या बाजूला, खाली ठेवलं. मग हर्षालीला दंडाला धरून नानांच्या पाटावर बसवलं. "तू बस इथे. रोज आधी बसायचं, आणि कमी असेल ते तोंडावर सांगायचं. लाजायचं नाही." आणि नणंदेकडे वळून, अगदी गोड आवाजात, "ताई, तुम्ही पाहुण्या. तुम्ही फक्त छान म्हणा."

उज्वलाने वहिनीकडे पाहिलं. मग भाकरीचा तुकडा मोडला, डाळीत बुडवला, तोंडात घातला. डाळ अळणी होती. तिने तो घास सावकाश चावला, जितका वेळ चावता येईल तितका चावला, आणि शेवटी गिळला.

"छान झालंय," ती म्हणाली.